दुर्बिणीआधीची दही-साखर

नगर जिल्ह्यात गेलेला माणूस शिर्डीलाच गेला असणार, असं आमच्या सोसायटीत सगळे गृहीत धरतात. परत आल्यावर तिघांनी माझ्याकडे प्रसाद मागितला. मी सांगितलं, की दवाखान्यांत लोकांच्या पोटात दुर्बीण घालायला उशीर का होतो ते बघायला गेलो होतो. त्यावर त्यांनी प्रसादाचा विषय सोडला आणि माझ्या तब्येतीची चौकशी केली. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझा उभा जन्म चिंचवडच्या एका कारखान्यात गेला. काम कुठे अडतं हे घड्याळ घेऊन बघणं हीच माझी नोकरी. माझ्यासारख्या माणसाला कारखान्यात कोणी चहाला बोलावत नाही. निवृत्त झाल्यावर एका धर्मादाय ट्रस्टच्या सेक्रेटरींनी मात्र बोलावलं. त्यांचे दोन दवाखाने, एक कोपरगावात आणि एक श्रीरामपुरात. दोन्हीकडे एंडोस्कोपीची, म्हणजे घशातून दुर्बीण घालून पोट तपासायची खोली. ट्रस्टने एक नवी दुर्बीण घेतली होती आणि जिथलं काम वेळेवर चालतं तिथे ती द्यायची असं ठरलं होतं. श्रीरामपूरची जुनी दुर्बीण आता धुक्यातून बघावं तसं दाखवत होती. नवी मिळाली नाही तर तिथली खोली बंद होणार आणि तिकडच्या रुग्णांना नगरची वाट धरावी लागणार. हे सगळं माझ्या अहवालावर ठरायचं होतं.

निघताना मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, हातावर दही-साखर ठेवली आणि वर एक वाक्यही ठेवलं, "दुसऱ्यांच्या दुर्बिणी मोजून याल. स्वतःची कधी?"

मला पित्ताचा त्रास आहे. गुलाबी औषधाची बाटली माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी असते आणि बहुधा तिच्याआधी संपते. पुण्यातल्या डॉक्टरांनी मला एंडोस्कोपीची तारीख अनेकदा दिली. प्रत्येक तारखेला मला काहीतरी काम निघालं. मी दही-साखर खाल्ली, हात धुतला आणि एसटी चुकेल म्हणून पळालो.

सुपा

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि कंडक्टर "नगर, नगर" ओरडत होता. दोघांवरही विश्वास ठेवून मी सुप्याचं तिकीट काढलं. तिथे औद्योगिक वसाहतीजवळ एका ओळखीच्या माणसाचा नवाकोरा दवाखाना आहे. नमुना म्हणून तो आधी बघावा असं मी ठरवलं होतं.

दुर्बिणीची खोली इतकी चकचकीत की मी आपणहून बूट बाहेर काढले. मग मोज्याला पडलेल्या भोकावर दुसरा पाय ठेवून उभा राहिलो. व्यवस्थापक तरुण होता, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र.

"सर, आपल्याकडे आजवर एकही केस लेट झालेली नाही," तो म्हणाला.

"डॉक्टर कधी येतात?"

"गुरुवारी. पुण्याहून."

"मागच्या गुरुवारी किती केस झाल्या?"

"मागच्या गुरुवारी सर वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये होते."

आमच्या कारखान्यातही असं एक परदेशी यंत्र होतं. पाहुणे आले की त्याचं आवरण काढायचे, गेले की परत घालायचे. ते कधीच बिघडलं नाही. मी व्यवस्थापकाचं अभिनंदन केलं आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली. भेळ अप्रतिम होती. नगरपर्यंत ती माझ्याशी बोलत राहिली.

कोपरगाव

नगरहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्याबद्दल लिहू नये असं मला शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी सुचवलं. "लिहून काय उपेग न्हाई. आमी दर साली बोलतो. खड्डे ऐकत न्हाईत," असं ते म्हणाले. गळीत हंगाम चालू होता. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन डोलणाऱ्या ट्रॉल्या आणि त्यामागे आम्ही, अशी मिरवणूक कितीतरी वेळ चालली. कोपरगाव जवळ आल्याचं मळीच्या वासानेच कळलं. पुण्यात कोणी असा वास सहन केला नसता, अर्ज केले असते. इथले लोक मात्र तो वास आला की कारखाना चालू आहे म्हणून निर्धास्त होतात.

इथल्या दवाखान्यात कारखान्याचीच शिस्त होती. रुग्णांना आदल्या संध्याकाळीच वॉर्डात घेतात आणि दारावरचा रखवालदार प्रत्येक नातेवाइकाचा डबा काढून घेतो. सकाळी एक रुग्ण बाहेर, दुसरा आत. एक दुर्बीण पोटात असताना दुसरी औषधात बुडवून निर्जंतुक होत असते. मला तर आनंदाने भरून आलं. निवृत्तीनंतर चालता पट्टा मी प्रथमच बघत होतो.

"आमच्याकडं गाळप थांबत नाही," तिथले डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "थांबलं की वजनकाट्यावर रांग लागते."

मी मनातल्या मनात नवी दुर्बीण कोपरगावला देऊन टाकली. श्रीरामपूरला जायचं ते केवळ सोपस्कार म्हणून. वाटेत राहात्याला पेरू घेतले आणि पित्तावर पेरू चालतात अशी स्वतःची समजूत घालून दोन खाल्ले.

श्रीरामपूर

दवाखाना जुना, दगडी जोत्याचा. पटांगणात कडुनिंब आणि त्याखाली लांबलचक बाक. पलीकडच्या चर्चची घंटा झाली की दवाखान्यातले सगळे आपापली घड्याळं बघतात. हे मला पहिल्या क्षणी आवडलं. घड्याळं बघून पुढे काहीच घडत नाही, हे नंतर कळलं.

खोलीचा कारभार दोन बायकांच्या हाती होता. डॉक्टर मेधा वाबळे ठेंगण्या, चटपटीत, वाक्य अर्ध्यात सोडून दुसरं सुरू करणाऱ्या. सिस्टर एस्तेर साळवे उंच, सावकाश, डॉक्टरांची अर्धी वाक्यं पूर्ण करणाऱ्या. खोली बंद होणार ही कुणकुण दोघींना होती. माझ्याकडे त्या परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकाकडे बघतात तशा बघत होत्या.

सकाळी मी घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभा. डॉक्टर तयार, सिस्टर तयार, दुर्बीण धुऊन तयार. पहिला रुग्ण आत आला. नाव रंगनाथ, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. घास छातीत अडकतो म्हणून आलेला. मागोमाग त्याची आई, गयाबाई. डोक्यावर पदर, काखेत पिशवी.

"काही खाल्लं-प्यायलं?" सिस्टरांनी विचारलं.

"न्हाई," रंगनाथ म्हणाला.

"काहीच नाही?"

"न्हाई."

"मागल्या बारीला दही दिलं म्हून तुमी परत धाडलं," गयाबाई म्हणाल्या. "म्हून आज दही न्हाई दिलं. नुसती साखर दिली."

"साखर?"

"चहात घालून."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. पोट रिकामं नसताना दुर्बीण घातली आणि उलटी होऊन श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. रंगनाथला पुढच्या वेळेला यायला सांगितलं आणि दुसऱ्या रुग्णाला बोलावलं. दुसऱ्याने बिस्किट खाल्लं होतं. बिस्किट तो खाण्यात धरत नव्हता. तिसरा एकदाचा उपाशी निघाला, तोवर सकाळ निम्मी सरली होती.

माझं मात्र या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. माझं लक्ष कपाटावर होतं. सिस्टर दर वेळी खोली ओलांडून कपाटापर्यंत जात होत्या आणि कारखान्याच्या नियमाने हेच सगळ्या दुखण्याचं मूळ. दुपारी मी दोन वॉर्डबॉयना हाताशी धरून ते लोखंडी धूड भिंतीच्या या टोकाला आणवलं. सगळ्यांनी घाम पुसला. मग डॉक्टरांनी विचारलं, "मशिनचा प्लग कुठे..."

"कपाटाच्या मागे," सिस्टरांनी वाक्य पूर्ण केलं.

वॉर्डबॉयनी कपाट परत जागेवर नेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची सभ्यता.

मी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो. बाकावर गयाबाई आणि रंगनाथ. त्यांची गाडी संध्याकाळची होती. त्यांनी डबा सोडला आणि मला विचारलंच नाही, सरळ बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी माझ्या हातात दिली. पुण्यात आपण "जेवणार का?" असं विचारतो आणि समोरचा "नको" म्हणाला की सुटकेचा श्वास टाकतो. रंगनाथ मात्र भाकरी दुधात कुस्करून, चमच्याने, थांबत थांबत गिळत होता. प्रत्येक घासाला गयाबाईंचा गळा हलत होता.

"ह्याच्या बापाचं आसंच हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "आधी भाकर आडकायची. मंग पानी. आमी लई उशिरा आनलं."

"मग या वेळी डॉक्टरांनी उपाशी आणा म्हटलं तर का नाही आणलं?" मी जरा कडक आवाजात विचारलं.

"उपाशीच हुता की. रातच्याला काय न्हाई, सकाळी काय न्हाई. पर यवढ्या मोठ्या कामाला पोरगं निघालं, त्याच्या हातावर शकुनाचं ठिवायचं न्हाई? रिकाम्या हातानं धाडू? त्याच्या बापाला घाईघाईत तसंच आनलं हुतं." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमी निघालात तवा घरच्यांनी न्हाई ठिवलं?"

ठेवलं होतं. मी भाकरी चावत राहिलो. कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण दही-साखरेने पट्टा बंद पडल्याचं उदाहरण माझ्या अनुभवात नव्हतं.

आत जाऊन मी डॉक्टरांना आणि सिस्टरांना हे शकुनाचं सांगितलं.

"सूचना लिहिलेली आहे साहेब," सिस्टर म्हणाल्या. "तोंडीही सांगतो. चमचाभर दही म्हणजे खाणं, हे कोणाला पटतच नाही. आमच्या चर्चची माणसं प्रार्थना करतात आणि मग घोटभर चहा घेऊन निघतात. तेही तेच."

"कोपरगावसारखं आदल्या दिवशी ठेवून घ्या."

"आमचा वॉर्ड दुरुस्तीला..."

"काढलाय," सिस्टर म्हणाल्या.

दही बंद करणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं. माझ्या घरीही जमलं नसतं. तेव्हा एकच वाट उरली, दह्याची वेळ बदलायची. मी पुन्हा बाकावर आलो. "गयाबाई, दही-साखर आणा," मी म्हणालो, "पण डब्यात. दुर्बीण होऊ द्या, घशाचं बधिरपण उतरू द्या, मग द्या."

"काम झाल्यावर कसला शकुन? वरात गेल्यावर वाजंत्री?"

बँडवाल्याची आई. उदाहरण तिच्याजवळ तयारच होतं. मग जन्मात पहिल्यांदा मला कारखान्याबाहेरचं काही सुचलं.

"तुमचं काम कोणतं, गयाबाई? नळी घालणं हे डॉक्टरांचं काम. तुमचं काम म्हणजे रिपोर्ट चांगला येणं. तो डॉक्टर नंतर समोर बसवून सांगतात. तेव्हा शकुन रिपोर्टाच्या आधी हवा."

त्यांनी पदर सारखा केला आणि बराच विचार केला. "मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "उद्याच येतो. गावाकडं न्हाई जात. माझी भाची हितं ऱ्हाती, तिच्याकडं ऱ्हातो."

डॉक्टरांनी लगेच रंगनाथचं नाव उद्याच्या पहिल्या नंबरला घेतलं. उद्या ट्रस्टचे सेक्रेटरी स्वतः बघायला येणार होते. सिस्टरांनी उरलेल्या रुग्णांना फोन लावले, "दही घेऊन या, पण खाऊन येऊ नका." मी खुशीत गुलाबी बाटली काढून दोन घोट घेतले. डॉक्टरांनी ते बघितलं.

"हे किती वर्षं चालू आहे?"

"असंच, अधूनमधून."

"उद्या उपाशी या. तुमचीही बघून..."

"टाकू," सिस्टर म्हणाल्या.

मी "हो, हो" म्हणालो. हो म्हणताना माझा बेत पक्का होता. सकाळी टपरीवर चहा घ्यायचा आणि सिस्टरांनी विचारलं की प्रामाणिकपणे सांगून टाकायचं. चहाइतकं स्वस्त निमित्त दुसरं नाही.

सकाळी थंडी मजबूत होती. दवाखान्यासमोरच्या टपरीवर आल्याचा वास सुटला होता. मी ग्लास हातात घेतला, फुंकर मारली आणि ग्लास हातातून वर गेला. मागे गयाबाई.

"तुमचंबी आज हाय न्हवं? सिस्टरबाई म्हनल्या."

"घोटभरच..."

"घोटभरच त आमीबी दिला हुता," असं म्हणून त्यांनी तो ग्लास टपरीवाल्याला परत दिला. मग माझ्या शेजारी चालत त्या दारापर्यंत आल्या, वाटेत मी कुठे वळू नये म्हणून.

सेक्रेटरी येऊन खुर्चीवर बसले होते. घंटा झाली. सगळ्यांनी घड्याळं बघितली. रंगनाथ उपाशी होता, आई साक्षीला होती, डबा बंद होता. आणि रंगनाथ दारातच थांबला.

"मी न्हाई जात आधी," तो म्हणाला. त्याने चौकट घट्ट धरली. "शकुन न्हाई, काय न्हाई. आधी दुसरं कुनी जाऊ द्या. हे साहेब जाऊ द्या."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सेक्रेटरींना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, ते कौतुकाने हसले. मी डॉक्टरांकडे बघितलं, तिथे दया नव्हती. मला खरंच भीती वाटत होती. पण त्या पोराच्या चेहऱ्यावर माझ्याहून जास्त भीती होती आणि त्याच्यामागे ती बाई डबा छातीशी धरून उभी होती. मी घड्याळ काढून सिस्टरांच्या हातात दिलं.

"झोपेचं इंजेक्शन द्या मात्र," मी म्हणालो.

एंडोस्कोपीबद्दल वाचकांना एवढंच सांगतो. घशात कडू फवारा मारतात आणि जीभ दुसऱ्याची वाटू लागते. कुशीवर वळवतात. मग सिस्टर एस्तेर तुमच्या पाठीवर हात ठेवून "झालंच, झालंच" म्हणतात आणि ते खोटं आहे हे कळायच्या आत तुम्ही गुंगीत जाता. इतकी वर्षं मी ज्याला भ्यायलो ते एवढंसं होतं, याचा मला अजून राग येतो.

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या कॉटवर रंगनाथ घोरत होता. म्हणजे तो गेला होता आत. तिसऱ्या कॉटवर एक बाई. काम धडाक्यात चाललं होतं. मी समाधानाने छताकडे बघत पडलो. थोड्या वेळाने दाराशी कुजबुज ऐकू आली. चौथा रुग्ण बाहेर खोळंबला होता. त्याची तपासणी झाल्यावर ठेवायला कॉटच नव्हती.

"का अडलंय?" मी जडावलेल्या जिभेने विचारलं.

"तुमच्यामुळे, साहेब," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "इंजेक्शन घेतलेल्याला नातेवाइकाशिवाय सोडता येत नाही. नियम आहे. तुमच्याबरोबर कोण आहे?"

माझ्याबरोबर कोणीच नव्हतं. मंदा पुण्यात होती आणि तिला मी काही कळवलंही नव्हतं. सेक्रेटरी दारातून डोकावत होते. पट्टा कुठे अडतो हे शोधायला आलेला माणूस स्वतःच पट्ट्यात अडकून पडला होता.

"ह्ये माझ्यासंगं हायेत," गयाबाई आत येत म्हणाल्या.

"कोण तुमचे?"

"भाऊ," त्या म्हणाल्या. सिस्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तसं लिहून घेतलं.

गयाबाईंनी एका हाताला मला आणि दुसऱ्या हाताला रंगनाथला धरून बाकावर आणून बसवलं. कॉटा मोकळ्या झाल्या, चौथा आत गेला. घशाचं बधिरपण उतरलं का ते बघायला त्या आम्हाला सारख्या गिळायला लावत होत्या. सिस्टर येऊन बघून गेल्या आणि त्यांनी परवानगी दिली. मग डबा उघडला. आधी रंगनाथच्या हातावर, मग माझ्या हातावर दही-साखर आली.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. माझ्या जठराला सूज होती, गोळ्या आणि पथ्य. रंगनाथच्या अन्ननलिकेत एक जागा आंबट पित्ताने भाजून आकसली होती. "गाठ दिसली नाही," डॉक्टर वाबळे म्हणाल्या, आणि या वेळी वाक्य पूर्ण केलं. "तिथला तुकडा तपासायला पाठवलाय, पण मला काळजी वाटत नाही. ती जागा रुंद करू. लग्नसराईत वाजवेल तो."

बाहेर आलो तर गयाबाई बाकावर तशाच. रंगनाथने सांगितलं. डब्याच्या कडेला राहिलेलं दही गयाबाईंनी बोटाने निपटून घेतलं आणि तोंडात घातलं. मग आणखी एकदा.

"तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही?" मी विचारलं.

"कालच्या रातीपासून," रंगनाथ म्हणाला. "मी उपाशी म्हून ती उपाशी."

मला पेरूंची आठवण झाली. पिशवीत उरले होते, ते त्यांच्या पदरात घातले.

पुण्याला आल्यावर मी अहवाल लिहिला. श्रीरामपूरला माणसं चोख आहेत, फक्त दही वेळेवर हवं, ते आता आलं आहे, आणि घशाचं बधिरपण उतरेपर्यंत लोकांना बसायला कडुनिंबाखाली आणखी एक बाक व आडोसा करावा. पुढे काही आठवड्यांनी सिस्टर एस्तेरांचा फोन आला. नवी दुर्बीण त्यांच्याकडेच येणार आहे. रंगनाथच्या तुकड्यात काही वाईट निघालं नाही.

"सेक्रेटरी विचारत होते," सिस्टर म्हणाल्या, "त्या दिवशी एकच खोळंबा झाला, त्याच्या कारणापुढे तुम्ही जे लिहिलंय ते तसंच ठेवायचं का?"

तसंच ठेवा म्हणालो. तिथे लिहिलं आहे, तपासायला आलेल्याबरोबर घरचं कोणी नव्हतं, पण थोड्या वेळाने बहीण आली.